वाकडं चाक, पक्की पकड

दोस्तांनो, चांदूर रेल्वेहून एका वाचकमित्राने विचारलंय, “शर्यतीच्या मोटारीची चाकं वरून आत कललेली दिसतात. ती बिघडलेली असतात का?”

छे! ती मुद्दाम तशी बसवतात. या कलण्याला म्हणतात ‘कॅम्बर’.

वळताना सायकल आत झुकते, मोटार मात्र बाहेर झुकते. मग बाहेरच्या बाजूचं चाकही कलतं आणि टायर नुसता कडेवर टेकतो. पकड सुटली, की गाडी घसरलीच! म्हणून चाक आधीच २-३ अंश आत कलवायचं. वळणावर ते उभं होतं, टायर पूर्ण टेकतो.

आणखी कलवलं तर? सरळ रस्त्यावर आतली कड तापते. २०११ च्या बेल्जियममधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत टायर कंपनी पिरेलीचा सल्ला होता, ४ अंशांपर्यंतच कलवा. रेड बुल संघाने तो ओलांडला आणि टायरांना फोड आले. शर्यत जिंकली खरी, पण जीव टांगणीला लागला!

घरच्या गाडीला सरळ रस्ताच फार. तिची चाकं जवळजवळ उभीच बरी.

आता आपली चप्पल उलटी करून पाहा बरं. जिथे झीज, तिथे भार! मेकॅनिककाका टायर असाच वाचतात.