पेंटेकॉस्टनंतरचे सव्वीस रविवार

यंदा पेंटेकॉस्ट २४ मे रोजी झाला आणि आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. मध्ये सव्वीस रविवार आहेत, म्हणजे उपासनेचे निम्मे वर्ष. नाताळची आणि उपवासकाळाची तयारी आपण महिनाभर आधी सुरू करतो. उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवर कोणी बोलायचे हे आधीच ठरलेले असते. जून उजाडला की मात्र पुष्कळ पाळक शनिवारी रात्री पवित्र शास्त्र उघडून उद्याचा विषय शोधायला बसतात. उपदेशकबंधूंनो आणि भगिनींनो, हे थांबवायला हवे, आणि त्यासाठी यंदाच्यासारखे वर्ष शोधून सापडणार नाही.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो, म्हणून पेंटेकॉस्ट १० मेच्या आधी आणि १३ जूननंतर कधी येत नाही. आपल्याकडे हे दिवस रोहिणी आणि मृगाचे. मंडळीला आत्म्याचे दान मिळाल्याचा सण साजरा होतो आणि त्याच सुमारास शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. पुढचा हिरव्या वस्त्रांचा सगळा काळ पेरणी, खुरपणी, काढणी यांच्याच बरोबरीने सरकतो. वसंत आणि पुनरुत्थान यांची सांगड युरोपच्या मंडळ्यांनी त्यांच्या हवामानातून घातली. ती भाषांतरित गीतांबरोबर आपल्याकडे आली आणि आपण चैत्राच्या उन्हात तीच गात राहिलो. आपल्या ऋतूंशी उपासनेच्या वर्षाची गाठ घालायचे काम अजून बरेचसे बाकी आहे.

हे ऋतूही सगळीकडे सारखे नाहीत. जबलपूरच्या गोहलपूर वस्तीत आज शेत दिसणार नाही, पण तिथून पाटणच्या बाजूला निघालात की हवेलीचा मुलूख लागतो. शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी त्यातच कोंडायचे, ऑक्टोबरात ते सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, ही तिथली जुनी रीत. हा गहू मार्च-एप्रिलमध्ये कापणीला येतो. पवित्र भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो, पण तिथेही वल्हांडणाच्या सुमारास जव पिकतो आणि पन्नास दिवसांनी गव्हाची कापणी संपत आलेली असते. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायातली पहिली पेंढी आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातला प्रथमफळ ख्रिस्त हे दोन्ही त्या शेतातून आलेले आहेत. हवेलीतल्या पाळकाने ईस्टरला ताजी पेंढी वेदीसमोर ठेवली तर अर्धे प्रवचन तिनेच केलेले असेल. मराठवाड्यात त्याच दिवशी नांगरून टाकलेले रिकामे रान असते. तिथे तीच पेंढी मांडून चालणार नाही. तिथला बीजाचा आणि शेताचा काळ आत्ता सुरू होतो आहे.

आणि यंदा वाचनक्रमही त्याच बाजूने उभा आहे. हे तीन वर्षांच्या फेऱ्यातले अ वर्ष, म्हणजे मत्तयाचे. रोमन कॅथलिक मंडळीच्या क्रमात आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या १९९२च्या सुधारित सामायिक वाचनक्रमातही जुलैचे तीन रविवार मत्तयाच्या तेराव्या अध्यायाला दिले आहेत. १२ जुलैला पेरणारा, १९ जुलैला गव्हातले निदण, आणि सुधारित क्रमात २६ जुलैला मोहरीचा दाणा व खमीर. पाऊस वेळेवर झाला तर १९ जुलैला गावोगावी खुरपणी चालू असेल. आपल्या मंडळीतल्या कितीतरी बाया आठवडाभर रोजंदारीवर तण काढून, कंबर धरून रविवारी मंदिरात येतील. तण वेळेत निघाले नाही तर पीक गेले, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांच्यापुढे आपण वाचणार की धन्याने चाकरांना निदण उपटायला मनाई केली.

हा दाखला गुळगुळीत करून सांगू नका. त्या बायांना धन्याचा हुकूम चुकीचा वाटेल, आणि तो वाटलाच पाहिजे. मग त्यांनाच विचारा, की दोन रोपांची मुळे एकमेकांत गुंतली असतील तर तुम्ही काय करता? हिंदी मुलखातले शेतकरी ज्या तणाला ‘गेहूं का मामा’ म्हणतात ते ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसते. मत्तयातले निदणही तसेच आहे. मंडळीत कोण खरा आणि कोण खोटा याचा निवाडा करायला आपण किती उतावीळ असतो, हे त्या बाया आपल्याला समजावतील.

वाचनक्रम हे बंधन आहे, आत्मा नेईल तिकडे उपदेशकाने जावे, असे मुक्त परंपरेतले काही बांधव कळकळीने म्हणतात. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा सणवार काटेकोर पाळणाऱ्या आणि ते फारसे न पाळणाऱ्या मंडळ्या एकत्र आल्या. तो मतभेद अजून जिवंत आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण स्वतःच्या निवडीवर सोडलेला उपदेशक बहुधा आवडत्या दहा-बारा उताऱ्यांभोवती फिरत राहतो, आणि मंडळी तेवढ्यावरच जगते. ठरवून दिलेला पाठ आपल्याला नको असलेल्या ठिकाणी नेतो. आत्मा तिथेही बोलतो, असा माझा विश्वास आहे.

क्रमाने सांगत जाणे आपल्याला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि १६१६मध्ये राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची सुमारे अकरा हजार ओव्यांची ती कथा रविवारी आणि सणांना देवळांत वाचली जाई. ऐकणाऱ्याला मागच्या वेळी कथा कुठे थांबली ते ठाऊक असे. सुधारित वाचनक्रमातला जुन्या कराराचा सलग मार्ग यंदा अब्राहामापासून निघतो, ऑगस्टच्या मध्याला योसेफाच्या भावांना भेटतो आणि पुढे निर्गमाच्या वाटेने जातो. तो धरा. पावसाने एखादा रविवार बुडाला तर पुढच्या वेळी दोन मिनिटांत मागची कथा सांगून पुढे चला.

वसईचे आणि मुंबईचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टमध्येच होते आणि २४ जूनचा सांजाव भर पावसात. ज्या मंडळ्यांत या काळात एकही सण उरलेला नाही त्यांनी यांच्याकडून शिकावे. घाटावर हंगामाचा सण बाजरी-सोयाबीनच्या काढणीनंतर धरता येईल.

नोव्हेंबरकडे आत्तापासूनच लक्ष असू द्या. रविवार ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे आणि त्याच दिवशीचा पाठ दहा कुमारींच्या दिव्यांचा. शेजारी दारोदारी पणत्या लागल्या असतील. त्यांच्या सणाला कमी लेखून हा पाठ सांगू नका. तेल आपल्याच कुप्यांत आहे का, एवढाच प्रश्न त्या दिवशी आपला आहे. २२ नोव्हेंबरला ख्रिस्त राजाचा रविवार आहे आणि पाठ मेंढरे व शेरडे यांचा. तोवर बीड आणि अहिल्यानगरकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतील आणि आपल्या बाकांवर जागा रिकाम्या दिसतील. साखर कारखान्याच्या परिसरात सेवा करणाऱ्या पाळकांनी त्या आठवड्यात फडावर जावे, कोप्यांमध्ये बसावे, त्यांची नावे आणि गावे विचारावीत, लेकरे शाळेत जातात का ते पाहावे, आणि जमल्यास त्या रविवारची उपासना तिथेच घ्यावी.