आभाळाच्या कामालाही मजुरी असते

परवा मालधक्क्यावर पोती उतरवताना पोरांना म्हणालो, तारे अभ्यासायला सरकार पैसे देतं. पोरं हसली. पीएचडी म्हणजे बापाच्या पैशावरची चैन, असंच आपल्या वस्तीत समजतात. म्हणून हे लिहितोय. मी मॅट्रिकवर थांबलो. पण तुमच्या घरात कुणी फिजिक्स घेऊन एमेस्सी करत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

नाशकाहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथनं आत खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना ताऱ्यांच्या रेडिओलहरी पकडतात. त्या चालवते पुण्याची एनसीआरए, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच शाखा. पुण्यातच आयुका आहे, नारळीकरांनी १९८८ साली उभारलेली. अशा ठिकाणी संशोधन करणाऱ्याला फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफचा दर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. एमेस्सीच्या शेवटच्या वर्षातच 'जेस्ट' ही परीक्षा देता येते. शिवाय नेट आहेच.

हे आपल्याला कोण सांगतं? ज्यांच्या घरात आधीच प्रोफेसर आहेत त्यांच्यात ते जेवताना बोललं जातं. आपल्या पोराला कळेस्तोवर तारीख गेलेली असते.

बरं, कळलं तरी दार सताड उघडं नाही. २००६ साली संसदेनं केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा केला, आणि त्यालाच सूट दिलेल्या संस्थांची यादी जोडली. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या यादीत घातली, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळाही घातली. कारण काय, तर उत्कृष्टता! १९३० साली काळारामाच्या दारात आपल्या बापजाद्यांनी दगड खाल्ले, तेव्हा पावित्र्याचं कारण होतं.

आणि आत गेलेल्याचं काय? रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखं विज्ञान लिहायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात तो गेला. शेवटच्या पत्रात त्यानं लिहून ठेवलं, सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, यायची राहिलीय.

आम्हा हमालांची मजुरी थकली तर आम्ही वॅगन खाली करत नाही. फेलोशिपही मजुरीच आहे. कुणाचा उपकार नाही. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर. पैसे पोचले म्हणून शिक्षण झालं.

तेव्हा मागणी साधी आहे. ती यादी रद्द करा. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या.

आणि पोरांनो, तुम्ही यंदा फॉर्म भरा. नापास झालात तर पुढल्या वर्षी पुन्हा भरा. फीचे पैसे नसतील तर धक्क्यावर या. आम्ही वर्गणी काढू.