हजेरी कुणाच्या घड्याळाची?

‘किती वाजले हो?’ असे एस. टी. स्टँडवर कुणीही कुणालाही विचारतो. ‘कुठले किती वाजले?’ असे उलट कुणी विचारीत नाही. संगणकाला मात्र हे सांगावेच लागते. यंदा संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला तेव्हा हे मला कळले, आणि आमच्या घरातला एक घोळही त्यातूनच उलगडला.

पायथन भाषेत ‘डेटटाइम डॉट नाऊ’ एवढे लिहिले की चालू तारीख व वेळ मिळते. पण ती कुठली? तर प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतो, त्यात लावून ठेवलेली. दूर कुठे तरी ठेवलेले सर्व्हर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे.

माझी आई मंडईत झाडलोटीला जाते. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी ती हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावते. त्या वेळी प्रोग्रामच्या लेखी आदल्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे झालेली असत. म्हणजे सोमवारची हजेरी रविवारी लागे, मंगळवारची सोमवारी, आणि शनिवार कोरा राही. रविवार सुटीचा, तो हिशेबात धरायचा नाही. दर आठवड्याला एक खाडा! ठेकेदाराच्या कचेरीत एकच उत्तर मिळे, ‘मावशी, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.’ छापील तक्त्यात तारखेशेजारी २३:४० ही वेळ स्पष्ट होती. ती कुणी वाचलीच नव्हती. मी ती दाखवल्यावर पुढची हजेरी सुधारली. मागचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

कुणी म्हणेल, चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची, त्यात एवढे काय? माझे म्हणणे असे, की ‘आज’ म्हणजे कुठला दिवस हे ठरवणे निव्वळ तांत्रिक काम नाही. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. घड्याळ कुणाचे मानायचे, याबद्दल त्या शहराला काही म्हणायचे होते. झाडूवाल्या बायकांना मात्र कुणी विचारले नाही.

उपाय एका ओळीचा आहे. नोंद जागतिक वेळेत खुशाल ठेवावी, पण दिवस ठरवण्याआधी ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग सांगून ती वेळ आपल्याकडची करून घ्यावी. ‘नाऊ’च्या कंसात विभाग लिहिला, की प्रोग्रामला अंदाज करावा लागत नाही.

आपल्यापैकी काही जण उद्या असे प्रोग्राम लिहितील, काही जण कचेरीत बसून त्यांचे तक्ते वाचतील. लिहिणाऱ्यांनी तो कंस रिकामा सोडू नये. वाचणाऱ्यांनी समोरच्या मावशीला खोटे ठरवण्याआधी तारखेशेजारची वेळही वाचावी.