‘कुठलंही चालेल’ म्हणू नका

भाजीवाल्याची मेथी चाचपून घेणारी, साडीचा काठ दुरून पारखणारी बाई स्वतःसाठी काही निवडायची वेळ आली की चटकन म्हणते, ‘कुठलंही चालेल.’ मैत्रिणींनो, हे उत्तर मला पटत नाही.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवायचं काम करते. लेक पुण्यात नोकरीला लागली, तिने आईला सेंट घ्यायचं ठरवलं आणि नमुन्याच्या दोन कुप्या आणल्या. दोन्ही अंजिराच्या. १९९४ चं ‘प्रमिए फिगिए’ आणि १९९६ चं ‘फिलोसिकोस’. गंमत म्हणजे दोन्ही घडवली एकाच बाईने, फ्रान्सच्या ऑलिव्हिया जियाकोबेत्ती यांनी. आई म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं? कुठलंही चालेल.’

कळत कसं नाही? अंजीर काही आपल्याला परकं नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अक्कलकोटच्या स्वामींचा वटवृक्ष, दत्ताचा औदुंबर आणि अंजीर, ही सगळी एकाच कुळातली झाडं. या सेंटांतही फळापेक्षा झाडाचाच वास जास्त. पानाचा, चिकाचा, खोडाचा. मात्र पानाचा अर्क आता वापरत नाहीत. तो अंगाला लागून ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठतात, म्हणून सुगंध उद्योगाच्या नियमांत त्याला मनाई आहे. वास इतर घटकांतून जुळवतात.

मग निवडायचं कसं? कागदाच्या पट्टीवर नव्हे, अंगावर लावून. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं. पहिल्या पाच मिनिटांत मत बनवू नका, दोन-तीन तासांनी पुन्हा हुंगा. दुकानदार घाई करेल, करू दे. बाटलीवर ‘ओ द परफ्यूम’ लिहिलं असेल, तर त्यात ‘ओ द ट्वालेट’पेक्षा सुगंधाचा अंश साधारणपणे जास्त असतो, हेही बघा.

तिने सुट्टीच्या दिवशी तसंच केलं. ‘प्रमिए फिगिए’ दुधाळ, ओल्या नारळासारखं. ‘फिलोसिकोस’ आधी हिरवंगार, मग कोरड्या लाकडासारखं. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात गोड वास डोक्यात जातो, म्हणून मी दुसरं सुचवलं. तिने पहिलंच घेतलं. ‘ताई, ह्याला नारळीभाताचा वास येतोय बघा!’ माझं मत बाजूला ठेवलं, याचाच मला आनंद झाला.

अशा बाटल्यांची किंमत हजारोंत जाते. परवडतं का, हा प्रश्न रास्तच आहे; पण तो घरातल्या पुरुषांच्या घड्याळाला आणि मोबाइललाही विचारावा. नाही परवडलं तर दहा-वीस रुपयांच्या अत्तराची कुपी घ्या, पण हुंगून, पारखून घ्या. ‘मला हे हवं, हे नको’ म्हणायची सवय छोट्या गोष्टींत लागली, तरच उद्या घराच्या कागदावर सही करताना किंवा लेकीचं स्थळ ठरवताना आपला आवाज फुटेल.