टाकी घरी करा, पण तिची परीक्षा घ्या

संगणकाला मिळणारी जवळजवळ सारी विद्युतशक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ती बाहेर घालवण्यासाठी बहुतेक संगणकांत पंखा असतो. काहींत मात्र पाणी खेळवतात. ही कल्पना नवी नव्हे. १९८० साली जाहीर झालेल्या आय.बी.एम. ३०८१ या मोठ्या संगणकातही पाण्याचीच योजना होती.

आज हौशी मुले ही योजना घरच्या संगणकावर करू पाहतात. पंप, नळ्या, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, रेडिएटर आणि टाकी ही तिची अंगे. यांपैकी टाकी विकत न घेता स्वतः करावी, असे माझे मत आहे. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, दोन नळीजोड आणि रबरी वॉशर एवढ्यात ती होते.

टाकी जितकी मोठी तितका संगणक थंड, असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे काय? गणित करून पाहू. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. प्रोसेसर १०० वॅटचा असेल, तर तो दर सेकंदाला १०० ज्यूल उष्णता देतो. म्हणजे रेडिएटर नसेल तर दर ४२ सेकंदांना पाणी १ अंशाने तापेल. टाकी २ लिटरची केली तर ८४ सेकंद लागतील, इतकेच! मोठी टाकी तापण्यास उशीर लावते; उष्णता हवेत सोडण्याचे काम मुख्यतः रेडिएटरचे.

मग टाकी हवी कशाला? पाण्यातील बुडबुडे वेगळे व्हावेत, पंपाला सतत पाणी मिळावे आणि कमी झालेले पाणी भरता यावे, यासाठी. म्हणून परतीच्या नळीचे तोंड पाण्याखाली ठेवावे, पंप टाकीच्या खालच्या पातळीवर बसवावा. पाणी ऊर्ध्वपातित घ्यावे. तांब्याच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर नको. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की विद्युतघट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते.

पाणी आणि वीज एकत्र म्हटले की पालक व शिक्षक घाबरतात. ती भीती योग्यच आहे. परंतु मनाई हा तिच्यावरचा उपाय नव्हे. परीक्षा हा उपाय आहे. पंप १२ व्होल्टचा घ्यावा. सारी जोडणी संगणकाबाहेर, जुन्या वर्तमानपत्रावर मांडून २४ तास चालवावी. थेंब पडला तर कागदावर डाग दिसेलच.

शिक्षकांनीही हा प्रयोग शाळेत घ्यावा. १ आणि २ लिटरच्या टाक्या, सारख्याच शक्तीचा तापक आणि तापमापक घेऊन मुलांना आलेख काढू द्यावेत. रेडिएटर जोडल्यावर दोन्ही आलेख जवळपास एकाच तापमानाला स्थिरावतात, हे त्यांनी स्वतः पाहावे. त्यानंतरच टाकीला संगणकात जागा द्यावी. तोवर ती गळलीच, तर भिजेल ते रद्दीचे वर्तमानपत्र!