गल्फला जाताना हिशेबाची वही सोबत हवी

आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत ‘गल्फ’ म्हणजे दमाम, दोहा, दुबई. या शहरांना मोठं करणारा समुद्र मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. इराणी लोक त्याला पर्शियन आखात म्हणतात, अरब लोक अरबी आखात. लांबी सुमारे 990 किलोमीटर, किनाऱ्यावर आठ देश, आणि बाहेर पडायला एकच दरवाजा: होर्मुझची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद ठिकाणी ती सुमारे 33 किलोमीटर आहे. 2024 मध्ये या दरवाजातून रोज सुमारे दोन कोटी बॅरल तेल बाहेर पडलं. जग रोज जेवढं तेल वापरतं, त्याचा हा जवळपास पाचवा हिस्सा. कतारचा वायूही याच वाटेने जातो. म्हणून होर्मुझजवळ तणाव वाढला की जगभर तेलाचे भाव चढतात.

पण तेलाच्या आधीही या आखातात पैसा होता. पाणी उथळ आणि उबदार, त्यामुळे तळाशी मोत्यांच्या शिंपल्यांची रेलचेल. बहारीन, कुवेत, दुबईचे मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात. आपला रुपयाच तिथे चालायचा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, इतका तो रुळलेला होता.

मोती काढणारा पाणबुड्या मात्र गरीबच राहिला. हंगामाआधी तो घरखर्चासाठी नाखुदाकडून उचल घ्यायचा. (नाखुदा म्हणजे जहाजाचा तांडेल, कोकणात हे आडनाव आजही भेटतं.) हिशेब नाखुदाच्या हातात, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. बाप गेला तर ते मुलाच्या डोक्यावर यायचं. 1920 च्या दशकात बहारीनमध्ये सुधारणा झाल्या, तेव्हा त्यातली एक महत्त्वाची गोष्ट अगदी साधी होती: प्रत्येक पाणबुड्याकडे स्वतःच्या हिशेबाची वही असावी.

पुढे जपानचे कृत्रिम मोती आले, जागतिक मंदी आली, मोत्यांचा धंदा बसला. 1932 मध्ये बहारीनमध्ये तेल लागलं. माल बदलला, पण कर्ज काढून कामाला निघायची रीत गेली नाही. आज आपला मुलगा व्हिसासाठी दागिने गहाण ठेवतो, एजंटला लाख-दीड लाख मोजतो आणि पहिलं वर्ष ते फेडण्यातच घालवतो. कराराचा कागद अनेकदा विमानात बसेपर्यंत हाती येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गल्फला जाण्यात काही कमीपणा नाही. उचल घेऊन, डोळे मिटून जाण्यात धोका आहे. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंट 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. यूएई आणि कतारमध्ये कामगाराचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवणं बेकायदा आहे. हे किती घरांत माहीत आहे?

मोहल्ल्यातल्या मंडळांनी, जमातींनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. परत आलेल्या चाचा-मामूंना बोलवावं, करार वाचायला शिकवावं, एजंटची नोंदणी तिथल्या तिथे तपासून द्यावी. शंभर वर्षांपूर्वी पाणबुड्याला जी वही मिळाली, ती आपल्या मुलांच्या हातात निघण्याआधी असली पाहिजे.