फोटोसाठी प्रिंटर घेताना आधी शाई पाहा

घाटाखाली मलकापूर-खामगाव असो की घाटावर चिखली-मेहकर, फोटो स्टुडिओ चालवणारे आपले अनेक बांधव आता फोटो लॅबला न पाठवता दुकानातच इंकजेट प्रिंटरवर छापून देतात. यंत्र घेताना पहिला प्रश्न असतो, 'कंपनी कोणती?' आमच्या मते तो प्रश्न नंतरचा आहे.

ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या मरहूम वडिलांचा एकुलता एक जुना फोटो मोठा करून घेतला आणि बैठकीत लावला. वर्ष उलटायच्या आत चेहरा तांबूस पडला, टोपीची कडही दिसेनाशी झाली. दुकानदाराचे यंत्र चांगलेच होते. शाई डुप्लिकेट होती आणि कागद स्वस्तातला. मूळ फोटो तोवर गहाळ झालेला. आता त्या घराने काय करावे?

ऑफिसच्या कामासाठी बनवलेल्या चार रंगांच्या काही यंत्रांत काळी शाई पिगमेंटची असते. ती साध्या कागदावर अक्षरे झकास उमटवते, पण ग्लॉसी कागदावर बसत नाही. मग यंत्र बाकीचे तीन रंग मिसळून काळा बनवते आणि शेरवानी करडी दिसते. फोटोसाठी सहा रंगांचे यंत्र बरे. एप्सनच्या एल ८०५ आणि त्यानंतरच्या एल ८०५० मध्ये फिका निळा व फिका गुलाबी हे दोन रंग जास्त असतात, त्यामुळे चेहऱ्यावर दाणे दिसत नाहीत. कॅननच्या जी ५७० मध्ये जादा रंग लाल आणि करडा आहेत. खोक्यावरच्या ५७६० डीपीआयला मात्र भुलू नये. तो आकडा शाईचे थेंब किती बारीक अंतराने पडतात एवढेच सांगतो. ४ बाय ६ इंची फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. तेवढेही नसतील, तर कोणतेही यंत्र ते आणणार कुठून? म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ग्राहकाकडून डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवून घ्यावा.

दुसरी गोष्ट कामाच्या प्रमाणाची. इंकजेट यंत्र बंद पडून राहिले की हेडमध्ये शाई वाळते, आणि घाटाखालचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. दर एक-दोन दिवसांनी एखादा रंगीत फोटो काढलाच पाहिजे. हेड वारंवार साफ केल्याने शाई वाया जाते. ती आतल्या पॅडमध्ये साठते आणि पॅड भरल्याची नोंद झाली की यंत्र थांबते. आठवड्याला चार-दोन फोटो निघत असतील, तर सरळ लॅबकडेच पाठवावेत. हे ऐकून विक्रेते रागावतील, पण हप्ता आपल्याला भरायचा असतो.

होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत उभ्या उभ्या फोटो देणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांना डाय-सब्लिमेशनचे यंत्र सोयीचे, कारण त्यातून फोटो कोरडाच बाहेर येतो. इंकजेटचा फोटो नीट वाळू न देता लॅमिनेट केला, तर पुढे खराब होतो.

डुप्लिकेट शाई स्वस्त पडते हे खरे. तातडीच्या फॉर्मवरच्या फोटोला ती चालेलही. पण भिंतीवर लावायच्या फोटोला तीच शाई वापरून पूर्ण दर घेणे हा सौदा खरा नव्हे. दोन दर ठेवावेत आणि ग्राहकाला फरक तोंडावर सांगावा.

यंत्र घ्यायला जाताना आपलाच एक फोटो पेनड्राइव्हवर न्यावा, ज्यात चेहरा, काळा कपडा आणि पांढरी ओढणी तिन्ही असतील. आपण रोज वापरणार तोच कागद न्यावा आणि त्यावर समोर छापून घ्यावा. मग तो मधोमध कापून एक तुकडा कपाटात ठेवावा, दुसरा दुकानाच्या काचेला उन्हात चिकटवावा. महिनाभराने दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत आणि मगच पैसे मोजावेत.